सातव्या काठीतला खिळा

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेल्या महिन्यापासून माझी राहिलेली नाहीत. दिसतात माझीच, पण चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला तरी काढल्यासारखं वाटतं. आज मधल्या बोटाचीही तीच तऱ्हा. म्हणून ही वही आणली. रोज थोडं लिहिलं तर हाताला वळण राहील, असा विचार. गावच्या शाळेत आठवीपर्यंत होतो तेव्हा मास्तर म्हणायचे, अँगसचं अक्षर कुंपणासारखं सरळ. आजचं अक्षर गाय घुसून गेलेल्या कुंपणासारखं आलं आहे.

हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, एल्व्हिनालाही नाही. लॅक्रॉस हा आम्हा मूळ रहिवाशांचा जुना खेळ, काठीच्या टोकाच्या जाळीत चेंडू झेलून फेकायचा. त्याच्या काठ्या माझ्या बापाने केल्या, मी एकोणतीस वर्षं करतो आहे. हिकरीचं झाड निवडायचं, ओंडका उभा फोडायचा, वाफवून टोक वाकवायचं, वर्षभर माळ्यावर वाळवायचं, मग तासायचं, भोकं पाडायची, कातड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. यातलं एकही काम डाव्या हाताने होत नाही. हात गेला तर मी सकाळी उठून काय करायचं, हे मला माहीत नाही.

सोमवार, १६ नोव्हेंबर

फिलोमीन मावशी आली. आमच्या कुळाची ती आई, म्हणजे कुळात शेवटचा शब्द तिचा. माझी तर आईची सख्खी बहीण, म्हणजे आमच्या रीतीने दोन्हीकडून आईच. शेडच्या दारातच उभी राहिली. लाकडी काठीला बायका हात लावत नाहीत आणि काठ्या टांगलेल्या जागी पाऊलही टाकत नाहीत. दारातूनच म्हणाली, "माळ्यावर वाळलेले दांडे किती आहेत?"

"आठ."

"मला वसंतापर्यंत सात काठ्या हव्यात. औषधाचा खेळ घालायचा आहे."

गावात कुणी आजारी असेल, खचला असेल, तर त्याच्यासाठी सगळ्या पुरुषांनी मिळून खेळायचं, ही आमची फार जुनी रीत. त्या खेळात कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. आणि त्यात धातू चालत नाही. काठी लाकडाचीच हवी, जाळी कातड्याचीच. पूर्वी याची अडचण नव्हती. आता आमच्या संघात एकाही जवानाकडे लाकडी काठी नाही. सगळ्यांकडे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे, वर प्लॅस्टिकचं डोकं.

"कुणासाठी खेळ?" मी विचारलं.

"त्या माणसाला स्वतःलाच अजून माहीत नाही. मग तुला कसं सांगू?"

"पण वसंतापर्यंत सात..."

"जमणार नाही का?"

"जमेल की," मी म्हणालो. माझा उजवा हात खिशात होता.

मावशी बिंगोला उशीर होतो म्हणून गेली.

शनिवार, २१ नोव्हेंबर

विल्बर आला. एल्व्हिनाचा धाकटा भाऊ. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींचं लोखंड बसवतो, शुक्रवारी संध्याकाळी सहा-सात तास गाडी हाकून घरी येतो, रविवारी रात्री परत जातो. एरवी शनिवारी दुपारपर्यंत झोपतो. आज आठ वाजताच शेडमध्ये हजर. हातात नवा धातूचा दांडा.

"दाजी, हे धरून बघा. मग सांगा तुमची हिकरी."

धरला. खोटं कशाला लिहू, छान वाटला. हलका. उजव्या हातातही राहिला. विल्बर म्हणाला, "वाकत नाही, पावसात फुगत नाही. मोडला तर पाच मिनिटांत दुसरा बसवा. तुम्ही एका काठीला वर्ष लावता. वर्षात तर पोर होऊन दात येतात!"

मी म्हणालो, "लाकूड जिवंत असतं. तोडायच्या आधी झाडाशी बोलतो आपण, कशासाठी हवंय ते सांगतो. लोखंडाला कुणी काय सांगितलंय?"

"मी रोज सांगतो. चाळिसाव्या मजल्यावर. म्हणतो, बाबा रे, हलू नकोस."

दोघेही हसलो. मग तो लाकूड अडकवून तासायच्या घोडीवर बसला आणि पहिला दांडा तासायला घेतला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "घरी बायकोने पडदे लावायला काढलेत. इथे बसू द्या हो."

कामचुकार आहे, पण तासतो बरा. जड तासणी त्याने उरकली, बारीक मी केलं. जाताना धातूची काठी माझ्याकडेच विसरून गेला.

बुधवार, ९ डिसेंबर

दोन काठ्या तयार. विल्बरच्या घरचे पडदे अजून लागलेले दिसत नाहीत, कारण तो तिन्ही शनिवारी आला.

एल्व्हिनाने मला नवीन जाकीट आणलं, चेनचं. जुन्याची बटणं चांगली शाबूत होती. म्हणे दुकानात दुसरं नव्हतं. मक्याचं सूपही हल्ली वाडग्याऐवजी कानाच्या मोठ्या पेल्यात देते. "वाडगे कुठे गेले?" विचारलं तर म्हणाली, "एक फुटला." आमच्याकडे अकरा वाडगे होते. बायकांचं काय चालतं ते बायकांना ठाऊक. पण खरं सांगायचं तर पेल्याने मला सोयीचं पडतं. डाव्या हाताने उचलायचा, तोंडाला लावायचा. चमचा नको.

खेळ कुणासाठी आहे हे मला कळलं आहे. होरेस काकांसाठी. लांबघरात, म्हणजे जिथे सगळा गाव विधींना जमतो तिथे, विधी तेच सांभाळतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि परवा सबंध विधीभर खोकत होते. स्वतःच विधी चालवणाऱ्याला 'तुझ्यासाठी खेळ घालतोय' हे कोण सांगणार? म्हणून मावशी गप्प. आज त्यांच्याकडे लाकडं फोडलेली नेऊन दिली.

रविवार, ३ जानेवारी १९८८

नदी काठापासून काठापर्यंत गोठली. हात गारठ्याने आणखी बधिर.

आज तासताना पांढऱ्या लाकडावर लाल रेघ दिसली. वाटलं, लाकडातच शीर आहे. मग दुसरी दिसली. तेव्हा कळलं की सुरी माझ्या तळहातात गेली आहे आणि रक्त माझं आहे. दुखलंच नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, हे किती विचित्र. दांडाही गेला, सुरी वाकणात खोल शिरली. आठातले सात उरले. म्हणजे आता एकही चुकून चालणार नाही.

एल्व्हिनाने हात बांधला. मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर तीच म्हणाली, "माझ्या टोपल्या विणायच्या लाकडी पट्ट्या मी तुझ्या वाटेत ठेवायलाच नको होत्या. त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात."

मी म्हणालो, "हो, पट्टीनेच कापलं."

ती माझा हात हातात धरून बराच वेळ बसली. भोळी आहे.

शनिवार, ३० जानेवारी

मध्यहिवाळ्याचे विधी संपले. तिथे जे होतं ते वहीत लिहायचं नसतं. एवढंच लिहितो की राखेचा वास अजून कपड्यांना आहे आणि मनाला बरं वाटतं आहे.

बाहेर पडताना होरेस काकांनी मला थांबवून विचारलं, "झोप लागते का रे तुला?"

किती मोठ्या मनाचा माणूस. स्वतः आजारी आणि झोप माझी विचारतो. मी म्हणालो, "माझं सोडा काका, तुम्ही जपा. पाइप कमी करा."

ते म्हणाले, "लाकडं दिलीस, मासे दिलेस, परवा लोकरीचे मोजे दिलेस. अँगस, मी मेलोय आणि मला कुणी सांगितलं नाही, असं तर नाही ना?"

मी हसण्यावारी नेलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

पाच झाल्या. जाळी विणणं सगळ्यात कठीण. वादी दातात धरतो, डाव्या हाताने ओवतो, उजव्या मनगटाने दाबतो. बाप असता तर म्हणाला असता, काठी विणतोयस की खातोयस?

विल्बरची धातूची काठी कोपऱ्यात उभी असते. कुणी नसताना मी ती उचलतो. आज बाहेर बर्फात चेंडू घेऊन भिंतीवर फेकला. बारा वेळा फेकला, नऊ वेळा झेलला. माझ्या स्वतःच्या हिकरीच्या काठीने चार वेळाही जमत नाही आता. जड पडते, मुठीत फिरते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो: मला धातूची काठी आवडली. ती काही मागत नाही. लाकडी काठीला तेल लागतं, सावली लागते, वाद्या ओल्या झाल्या तर ताणून बांधाव्या लागतात. तिच्याकडे रोज बघावं लागतं. बघायला बळ असलं पाहिजे.

मग वाटलं, एकोणतीस वर्षं मी लाकूड चांगलं म्हणत आलो ते लाकडासाठी, की मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून? सूप प्यालो आणि झोपलो.

मंगळवार, ८ मार्च

सहा तयार. आज सातवीची भोकं पाडत होतो. शेवटून तिसरं भोक. गिरमिट हातातून निसटलं, आडवं गेलं, आणि वाकणाच्या खाली बारीक 'टक्' असा आवाज आला. काठ्या करणाऱ्याला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. बोटभर लांब तडा.

नवा दांडा वाळायला पुढचा हिवाळा लागेल. मावशीला सात हव्यात. मी तासभर बसून राहिलो. मग विल्बरच्या डब्यातला एक पोलादी खिळा घेतला, डोकं आणि टोक कापलं, तड्यात आडवा बसवला, भोक लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवलं, वर हरणाच्या कातड्याची पट्टी गुंडाळली. कातडं बऱ्याच काठ्यांना गुंडाळतात, संशय यायचं कारण नाही. काठी वाकवून पाहिली. घट्ट. इतर सहांपेक्षाही घट्ट.

एवढं बारीक काम गेल्या चार महिन्यांत मला जमलं नव्हतं. आज कसं जमलं कोण जाणे.

शनिवार, १२ मार्च

सातही काठ्या होरेस काकांच्या घरी पोचवल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिली. सातवी जरा जास्त वेळ धरली.

"कातडं चांगलं आहे," म्हणाले.

विल्बर गाडीत म्हणाला, "झालं एकदाचं! आता शनिवारी पडदे लावावे लागणार."

रविवार, २० मार्च

मेपलच्या रसाचा विधी. सुरुवातीचे आभार नेहमीप्रमाणे होरेस काकांनी म्हटले. लोकांचे, जमिनीचे, पाण्याचे, माशांचे. प्रत्येकाचं नाव झालं की आम्ही सगळे मिळून हुंकार देतो, म्हणजे आमचं सगळ्यांचं मन त्यात एक आहे. झाडांची पाळी आली. सगळ्यांचा हुंकार उठला. माझा उठला नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाज आला नाही.

आजूबाजूला कुणाला कळलं नसेल. रस घेतला. गोड होता.

गुरुवार, २४ मार्च

होरेस काकांचा खोकला वाढलाय, असं एल्व्हिना सांगत होती. त्यांचा हा आजार खेळानेच उतरायचा होता, आणि त्या खेळात मी खिळा घालून ठेवला आहे. स्वतःला समजावतो: बोटाच्या पेराएवढा खिळा. कातड्याखाली. कुणाला दिसणार आहे? पण दिसायचा प्रश्नच नव्हता कधी. खेळ ज्याच्यासमोर मांडायचा त्याला कातड्याआडचं दिसत नाही, असं मी कधीपासून मानायला लागलो?

धातू वाईट असं नाही. विल्बरचं घर लोखंडावर चालतं, माझी सुरी लोखंडाची आहे. पण ही काठी लाकडाची आहे असं मी तोंडाने सांगितलं आणि ती तशी नाही. एवढंच आहे. एवढंच फार झालं.

सांगायला गेलो तर तडा का गेला ते सांगावं लागेल.

शनिवार, २ एप्रिल

आज सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

होरेस काका स्वयंपाकघरात माशांचं जाळं दुरुस्त करत बसले होते. मी म्हणालो, "काका, ती सातवी काठी द्या." त्यांनी आतून आणून टेबलावर ठेवली. मी कातडं सोडायला गेलो, गाठ सुटेना. त्यांनी आपली सुरी पुढे केली. कातडं कापून मी बुजवलेली जागा दाखवली.

"हे काय?"

"खिळा आहे."

"कशासाठी?"

"तडा गेला होता."

"तडा कशाने गेला?"

"गिरमिट निसटलं."

"गिरमिट कशाने निसटलं?"

चुलीवर चहाचं पाणी उकळत होतं. काका घाई न करता जाळ्याची एक गाठ मारून मोकळे झाले. मग मी म्हणालो, "हातात जोर नाही, काका. ऑक्टोबरपासून. तीन बोटं मेल्यासारखी आहेत."

माझ्याच कानाला ते वाक्य नवं होतं.

काका मागच्या दाराकडे तोंड करून ओरडले, "फिलोमीन! तू जिंकलीस. एप्रिलच निघाला. मी मे धरला होता!"

मागच्या अंगणातून मावशी दारात आली. टेबलावर काठी बघून तिथेच थबकली. "आधी ती उचल, मग मी आत येते." काकांनी काठी आत नेली. मावशी येऊन माझ्यासमोर बसली.

मला काही उमगत नव्हतं. मी आपला काकांना म्हणालो, "मला माफ करा. तुमच्या खेळात मी असं करायला नको होतं. तुमचा खोकला..."

"माझ्या खेळात? मला काय धाड भरलीय? खोकला मला बावीस वर्षांपासून आहे!"

"मग खेळ कुणासाठी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "अँगस, तुझ्या शर्टाचं वरचं बटण सुटलंय. लाव बघू."

मी हात वर नेला. बोटं बटणावर नुसतीच फिरली. मावशीने वाट पाहिली, मदत केली नाही. मग मी हात खाली घेतला.

"एल्व्हिना ऑक्टोबरमध्येच माझ्याकडे आली होती," ती म्हणाली. "म्हणाली, चमचा डाव्या हातात धरतो आणि मी पाहिलं नाही असं त्याला वाटतं."

मला जाकीट आठवलं. सुपाचा पेला आठवला. विल्बरचे पडदे आठवले. कान तापले. मी म्हणालो, "सगळ्यांना ठाऊक होतं?"

"कुत्रा सोडून सगळ्यांना," काका म्हणाले. "कुत्र्याचंही सांगता येत नाही."

"मग माझ्याचकडून काठ्या का करून घेतल्या? माझ्याच खेळाच्या?"

मावशी म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मला काही झालेलं नाही. आणि शेडची आतून कडी लावून बसला असतास. माणूस नाही म्हणत असताना त्याच्यासाठी खेळ घालता येत नाही. म्हणून काम सांगितलं. म्हटलं, काम त्याला बोलकं करेल. पण तू तर खिळा ठोकलास!"

आणि ती हसायला लागली. काकाही हसले, खोकले, पुन्हा हसले. मला आधी राग आला. मग तोही टिकला नाही.

मावशी हसू आवरून म्हणाली, "आता नीट माग. तोंडाने."

मी माझ्यासाठी खेळ मागितला. काय शब्द वापरले ते लिहीत नाही.

उठताना विचारलं, "त्या काठीचं काय करायचं?"

काका म्हणाले, "विल्बरला दे, त्याच्या लीगला. अर्धी लाकडाची, अर्धी लोखंडाची. त्याच्यासारखीच आहे."

त्याच रात्री, नंतर

एल्व्हिना टोपली विणत होती. मी सांगितलं, होरेस काकांकडे गेलो होतो, मावशीही होती. ती म्हणाली, "हं." मी विचारलं, "अकरा वाडगे कुठे आहेत?" म्हणाली, "पलंगाखाली." मग ती रडली आणि मला म्हणाली की तू फार मूर्ख आहेस. भोळं कोण होतं ते मला कळलं. तिने पलंगाखालून वाडगा काढला, सूप वाढलं, आणि मी डाव्या हातात चमचा धरून तिच्यासमोर बसून प्यालो. थोडं सांडलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

रविवार, १७ एप्रिल

काठ्या सहाच उरल्या. गावातल्या भिंतींवरून, पेट्यांमधून जुन्या निघाल्या आठ-नऊ, तरी एक कमी पडते. कमी पडणारा माणूस म्हणजे विल्बर. त्याची लाकडी काठी त्याने विशीत ट्रकखाली मोडून घेतली होती आणि पुन्हा कधी मागितली नाही.

मी माझी स्वतःची काठी भिंतीवरून काढली. बापाने माझ्यासाठी केलेली. माणसाची काठी शेवटी त्याच्याबरोबर मातीत जाते, म्हणून ती सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. पण ज्याच्यासाठी खेळ, तो स्वतः खेळत नाही. विल्बरला म्हणालो, "ही घे त्या दिवसापुरती."

त्याने काठी घेतली आणि जाकिटाने पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

शनिवार, ७ मे

खेळ झाला.

आधी आणि मध्ये जे बोललं गेलं ते माझ्यापाशी राहील. बाकीचं लिहितो.

मला मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसवलं आणि अंगावर कांबळं टाकलं, जसं काही मी शंभर वर्षांचा आहे. फार अवघडल्यासारखं झालं. आयुष्यभर मी इतरांच्या अशा खेळात धावलो, पण इकडून ते कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. सगळे जण तुमच्याकडे बघत नाहीत आणि तरी तुमच्यासाठीच धावत असतात.

पाच गोल ठरले होते. एकीकडे म्हातारे, दुसरीकडे जवान. सतरा वर्षांच्या पोरापासून होरेस काकांपर्यंत. काकांनी तीन पावलं टाकली, चेंडू फेकला आणि उरलेला वेळ ओरडण्यात घालवला. लाकडावर लाकूड आपटलं की एक भरीव आवाज येतो. दोन-तीन वर्षं मैदानावर नुसती टणटण ऐकत होतो, त्यामुळे हा आवाज मी विसरलो होतो. माझ्या सहा काठ्या मला एकेक करून ओळखू आल्या. दुसरी जरा जड आहे. पाचवीची जाळी सैल. ती मी दातांनी विणली होती. चेंडू तिच्यात थोडा जास्त रेंगाळायचा आणि ज्याच्याकडे ती होती तो पोरगा दर वेळी गोंधळायचा.

विल्बर सुरुवातीला धडपडला. हलक्याची सवय. मग अर्ध्या खेळात त्याला काठीचा झोक सापडला आणि नंतर तो असा पळाला की त्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. खेळ संपल्यावर बोटांची सालटं निघालेली दाखवत आला. "दाजी, ही काठी आहे की दाराचा अडसर? खांदे उतरले माझे." पण ती त्याने जमिनीवर ठेवली नाही. दोन्ही हातांनी मला परत दिली.

कोण जिंकलं ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

शेवटी खेळातला चेंडू माझ्या हातात ठेवला. हरणाच्या कातड्याचा, घामाने ओला. मी तो उजव्या हातात घेतला. बोटांना काही कळलं नाही. तळव्याला कळलं, तो अजून गरम होता.

सोमवार, १६ मे

मावशीने मोटारीत बसवून दवाखान्यात नेलं. मी म्हणालो, खेळ झाला ना? ती म्हणाली, "देवाने डॉक्टरांनाही काहीतरी काम दिलंय. दोन्ही औषधं घे."

डॉक्टर म्हणाला, मानेपाशी शीर दबली आहे. व्यायाम, गोळ्या, उपयोग नाही झाला तर शस्त्रक्रिया. बोटं पूर्ण परत येतील की थोडी, हे तो सांगू शकत नाही. आधी का आला नाहीत, असं विचारलं. मावशी म्हणाली, "खिळे ठोकत होता." डॉक्टरला ते काही कळलं नाही.

मला भीती वाटेल असं वाटलं होतं. तेवढी वाटली नाही. येताना आइसक्रीम खाल्लं.

शनिवार, २१ मे

फेब्रुवारीत पाडून आणलेला हिकरीचा ओंडका शेडमागे सावलीत पडून होता. आणखी उशीर केला तर वाया जाईल. विल्बर आठ वाजता आला. या वेळी काही कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी म्हणालो, "आज तू फोड."

"दाजी, मी आयुष्यात ओंडका फोडलेला नाही. मला फक्त बोल्ट आवळता येतात."

"घण मारता येतो ना?"

"तो झोपेत मारतो."

पोलादी पाचर मी डाव्या हाताने टोकावर धरली, त्याने हळू टोले मारून बसवली, मग मी बाजूला झालो. लाकडाची रेघ बघायला शिकवलं: साल कुठे वळते, गाठ कुठे आहे, फट कुठे धावायला बघते. त्याने ऐकल्यासारखं केलं आणि जोरात मारला. फट तिरकी गेली, गाठीला अडकली आणि अर्ध्यावरच बाहेर पडली. मासे धुरावर वाळवायला छान लाकूड झालं.

"वर्षाचं काम एका टोल्यात वाया घालवलं मी," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा खरोखर उतरलेला पाहिला.

"मी पहिल्या वर्षी नऊ ओंडके जाळले," मी म्हणालो. "बाप काही बोलला नाही. आई तेवढी म्हणाली की यंदा घर चांगलं उबदार आहे."

उरलेला भाग आम्ही फिरवून ठेवला. मी बराच वेळ बघितलं. विल्बर घण खांद्यावर घेऊन उभा होता, घाई केली नाही. उन्हात लाकडाच्या टोकावरची वर्तुळं स्पष्ट दिसत होती, आणि एका जागी, सालीपासून गाभ्यापर्यंत, केसाएवढी रेघ आपण होऊन उघडायला लागली होती.

"कुठे मारू?" त्याने विचारलं.

मी उजवा हात पुढे केला आणि रेघेवर बोट ठेवलं. तेवढं त्या हाताला येत होतं.

"इथे. आणि ताकद लावू नकोस. नुसता घण पडू दे."

त्याने पडू दिला. फट सरळ धावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ओंडका दोन्ही बाजूंना उघडून पडला. आत पांढरं, ओलसर, एकही गाठ नाही. विल्बर वाकून बघत राहिला. मग स्वतःच पाचर उचलली आणि दुसऱ्या अर्ध्याच्या टोकाशी रेघ शोधायला लागला.

दुपारपर्यंत आठ दांड्यांच्या आठ फाळ्या निघाल्या.